सिरोंच्याच्या फोनवर मोजलेला वेग

शिष्यवृत्ती परीक्षेच्या सराव प्रश्नपत्रिका आमची संस्था विनामूल्य देते. संस्था लहान आहे. वेबसाइटचं तांत्रिक काम मी पाहते आणि मदतीला एक मुलगा अर्धवेळ येतो. वेबसाइट वापरणारे बहुतेक जण जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक आणि पालक आहेत, आणि ते सगळं फोनवरच पाहतात. बुद्धिमत्ता चाचणीत आकृत्या खूप असतात, त्यामुळे एका प्रश्नपत्रिकेत तीस-चाळीस चित्रं सहज होतात. ही चित्रं, फॉन्ट आणि पीडीएफ आम्ही एका सीडीएन कंपनीमार्फत पाठवत होतो. तिचा करार संपत आला तेव्हा आणखी दोन कंपन्यांची दरपत्रकं आली. तिघांतून कोणाला घ्यायचं ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं. ते कसं केलं आणि कुठे कुठे अडलं ते इथे सांगते.

सीडीएन म्हणजे काय ते आधी थोडक्यात. बालभारतीची पुस्तकं पुण्याहून थेट प्रत्येक शाळेत जात नाहीत, ती आधी ठिकठिकाणच्या भांडारांत येतात. सीडीएनचं तसंच आहे. आपल्या फाइलींच्या प्रती कंपनी जगभरातल्या शेकडो ठिकाणी ठेवते आणि मागणाऱ्याला जवळच्या ठिकाणाहून देते. हा धंदा सुरू होऊन पंचवीसहून अधिक वर्षं झाली. अमेरिकेतल्या एमआयटीतले प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनी लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाई स्थापन केली, तिथून तो वाढला. आज क्लाउडफ्लेअर, फास्टली, ॲमेझॉनचं क्लाउडफ्रंट अशी बरीच नावं आहेत. मी ज्या तीन कंपन्यांबद्दल सांगणार आहे त्यांची नावं घेत नाही. आमच्या वाचकांसाठी जी बरी निघाली ती तुमच्यासाठी बरी असेलच असं नाही. म्हणून त्यांना जुनी, दुसरी आणि तिसरी असंच म्हणते.

दरपत्रकासोबत तिघांनीही आलेख पाठवले होते. प्रत्येकाच्या आलेखात भारतात सर्वांत वेगवान तीच कंपनी होती. मला वाटत नाही की कोणी खोटं लिहिलं होतं. एकाने सरासरी घेतली होती, दुसऱ्याने मध्यक. एकाने फक्त पहिला बाइट येईपर्यंतचा वेळ धरला होता, तर दुसऱ्याने पूर्ण फाइल उतरेपर्यंतचा. आणि तिन्ही आलेखांत संपूर्ण भारत एका रेघेत होता. बेंगळुरूच्या घरातला फायबर आणि मेळघाटातला मोबाइल यांची मिळून एक रेघ. त्यात आमचे शिक्षक कुठे आहेत ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

सुरुवातीला सगळे करतात तेच आम्हीही केलं. वेग तपासून देणाऱ्या ऑनलाइन सेवा असतात, त्यांतून तिन्ही कंपन्यांवर ठेवलेली एकच फाइल मागवून पाहिली. निकाल जवळजवळ सारखे आले, काही मिलिसेकंदांचा फरक. कारण उघड होतं. अशा सेवांची भारतातली यंत्रं बहुधा मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये असतात आणि सीडीएनची यंत्रंही तिथेच. एका इमारतीतून शेजारच्या इमारतीत फाइल जायला किती वेळ लागतो, एवढंच त्यातून कळतं. ऑफिसच्या वायफायवरून पाहिलं तरी तेच. अशा तपासणीचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. फाइल दाबून पाठवली जाते का, सर्टिफिकेट ठीक आहे का, हे त्यात नीट दिसतं. पण कंपनी निवडायला ती पुरत नाही.

त्याच आठवड्यात गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या एका गुरुजींचा फोन आला. ते नेहमी करतात. "मॅडम, प्रश्न येतो, आकृती येत नाही," ते म्हणाले. "चौकोन आहे तिथे नुसतं चक्र फिरत राहतं. आकृतीच नाही तर पोरांनी काय ओळखायचं?" मी विचारलं, कधी होतं असं? तर म्हणाले, रात्री आठ-नऊनंतर. दिवसा शाळेत रेंज नसते, म्हणून ते रात्री घरी प्रश्नपत्रिका उघडून ठेवतात आणि सकाळी फळ्यावर काढून देतात. फोन ठेवल्यावर मी कागदावर हिशेब केला. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सिरोंचा ते मुंबई सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन आठ मिलिसेकंद. तार वाकडीतिकडी जाते हे धरून दुप्पट म्हणा. मग आकृतीला मिनिटभर का लागतं? अंतरामुळे तर नक्कीच नाही. ते उत्तर आमच्याकडच्या कोणत्याच आलेखात नव्हतं आणि मला त्याचं वाईट वाटलं. वेग त्यांच्याच फोनवर मोजायला हवा हे तेव्हा ठरलं.

या पद्धतीला या क्षेत्रातले लोक 'रम' म्हणतात. खऱ्या वापरकर्त्याच्या ब्राउझरनेच नोंदलेला वेळ, असा त्याचा अर्थ. पद्धत नवीन नाही. सिडेक्सिस नावाची एक कंपनी होती. ती अनेक वेबसाइटींवर एक लहानसा कोड ठेवायची, आणि लोक आपापली पानं वाचत असताना मागे वेगवेगळ्या सीडीएनचा वेळ मोजून घ्यायची. २०१८ मध्ये सिट्रिक्सने ती विकत घेतली. गूगलही क्रोम वापरणाऱ्यांपैकी ज्यांनी संमती दिली आहे त्यांच्याकडून अशा नोंदी गोळा करतं आणि २०१७ पासून त्या खुल्या ठेवतं. आमच्या वेबसाइटचे ते आकडे आम्ही पाहिले. मागच्या २८ दिवसांचे एकत्र असतात आणि फुकट असतात. प्रत्येकाने आधी ते पाहावेत. पण कोणत्या मोबाइल कंपनीचा ग्राहक, कोणता जिल्हा, किती वाजता, हे त्यातून वेगळं काढता येत नाही, आणि न घेतलेल्या सीडीएनचा वेग तर त्यात असणारच नाही. त्यासाठी आपलाच कोड लागतो.

कोड मोठा नव्हता. पान पूर्ण उघडलं की तो जागा व्हायचा. तिन्ही कंपन्यांवर आणि आमच्या मुंबईतल्या मूळ सर्व्हरवर आम्ही दोन-दोन फाइली ठेवल्या. मूळ सर्व्हर मुद्दाम घेतला. सीडीएन नसता तर काय झालं असतं, हे कळल्याशिवाय सीडीएनचा फायदा कळत नाही. एक फाइल अगदी लहान, १४ केबीच्या आतली. नवीन जोडणीत सर्व्हर पहिल्या दमात साधारण दहा पाकिटं पाठवतो, म्हणजे १४ केबीच्या आसपास. फाइल त्यात बसली तर फक्त जाण्या-येण्याचा वेळ मोजला जातो. दुसरी फाइल १०० केबीची, आमच्या एका स्कॅन केलेल्या आकृतीएवढी. तिच्यात खरा प्रवाह दिसतो. या दोन फाइलींचे क्रम सारखे लागत नाहीत हे पुढे दिसलं. जी कंपनी लहान फाइल सर्वांत लवकर द्यायची, ती मोठ्या फाइलीत मागे पडायची. एकाच फाइलीवर विसंबलो असतो तर अर्धंच कळलं असतं.

वाचकाचा डेटा त्याच्या पैशाचा असतो. महिन्याचं रिचार्ज संपवत आणणाऱ्या पालकाच्या फोनवरून आमच्या चाचणीसाठी फाइली उतरवणं मला पटत नव्हतं. म्हणून विसातल्या एकाच भेटीत मोजायचं ठरवलं. डेटा वाचवण्याची सोय ज्याने चालू ठेवली आहे त्याच्याकडे मोजायचंच नाही. मोठी फाइल एका भेटीत एकाच ठिकाणाहून मागवायची. आयपी पत्ता साठवायचा नाही, तो कोणत्या कंपनीच्या जाळ्याचा आहे तेवढं लिहून घ्यायचं आणि पत्ता टाकून द्यायचा. पानाच्या तळाशी साध्या मराठीत सूचना दिली आणि नको असेल तर बंद करायचं बटण ठेवलं. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे, तेव्हा हे करणं भागही आहे. पण कायदा नसता तरी केलं असतं.

पहिल्या दिवशी आकडे आले ते बरेचसे शून्य होते. दुसऱ्या कंपनीचे तर सगळे तपशील शून्य. नाव शोधायला शून्य, जोडणीला शून्य, पहिल्या बाइटला शून्य. फक्त एकूण वेळ दिसत होता. हा ब्राउझरचा सुरक्षेचा नियम आहे. दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या फाइलीचा सविस्तर वेळ तुमच्या पानाला तेव्हाच दिसतो, जेव्हा पाठवणारा 'टायमिंग-अलाउ-ओरिजिन' हा हेडर लावतो. जुन्या कंपनीत तो आधीपासून लावलेला होता, दुसरीत आम्हाला सेटिंगमधून लावावा लागला, तिसरीने तक्रार लिहिल्यावर लावून दिला. तुम्ही कधी हे काम कराल तर तेवढी एक गोष्ट आधी करून घ्या, तुमचे काही दिवस वाचतील.

मग लक्षात आलं की जुनी कंपनी फारच वेगवान दिसते आहे. पान तिच्यामार्फतच उघडत होतं, त्यामुळे फोन आणि तिचा सर्व्हर यांच्यात जोडणी आधीच झालेली असायची. बाकीच्यांना नव्याने ओळख करून घ्यावी लागायची. सुरक्षित जोडणीला आधी नाव शोधणं, मग हात मिळवणं, मग कुलूप-किल्लीची देवाणघेवाण, मग मागणी. टीएलएसची जुनी १.२ आवृत्ती असेल तर २०१८ मध्ये आलेल्या १.३ पेक्षा एक फेरी जास्त. रेंज कमी असलेल्या फोनवर एकेका फेरीला पाव सेकंद लागतो. सगळ्यांना सारखी वागणूक मिळावी म्हणून चारही ठिकाणांना कोरी, कधी न वापरलेली नावं दिली.

तरीही ज्याचा नंबर पहिला त्याला उशीर व्हायचा. मोबाइल काही सेकंद स्वस्थ असला की त्याचा रेडिओ बॅटरी वाचवायला झोपतो आणि पुन्हा जागा व्हायला वेळ घेतो. तो वेळ पहिल्या फाइलीच्या खात्यावर पडत होता. त्यावर दोन गोष्टी केल्या. आधी एक मागणी पाठवायची जिचा वेळ धरायचाच नाही, आणि मग चौघांचा क्रम दर वेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखा बदलायचा. फोनचा पडदा मध्येच बंद झाला तर ती नोंदही सोडून द्यायची. नाहीतर एका आकृतीला सतरा मिनिटं असले आकडे येतात.

तिसऱ्या कंपनीला सुरुवातीचे काही दिवस उगाच तोटा होत होता. तिच्याकडे आमची फाइल कोणी मागतच नव्हतं, त्यामुळे प्रत जवळच्या ठिकाणी शिल्लक राहत नसे आणि दर वेळी ती मूळ सर्व्हरवरून आणावी लागे. याला 'मिस' म्हणतात. प्रत तयार असली की 'हिट'. चाचणीची फाइल हिट होती की मिस, हे लिहून घेतल्याशिवाय तुलना करू नये. पण मिस सरसकट काढूनही टाकू नयेत असं माझं मत झालं. आमच्यासारख्या लहान वेबसाइटच्या जुन्या प्रश्नपत्रिका रोज कोणी मागत नाही. त्या मिसच होणार, आणि वाचकाला तेच भोगावं लागणार.

हे सगळं मार्गी लागल्यावर आकडे वाचायला बसलो. सरासरी पहिल्याच दिवशी सोडून दिली. तीन-चार फार रखडलेल्या नोंदी तिला कुठल्या कुठे नेतात. मध्यक बरा, पण मध्यक म्हणजे मधल्या वाचकाचा अनुभव, आणि मधला वाचक फोन करत नाही. सीईटीच्या निकालामुळे पर्सेंटाइल सगळ्यांना माहीत आहे. इथे ते उलट्या बाजूने वाचायचं. ९५ पर्सेंटाइलला चार सेकंद असतील, तर शंभरातल्या पाच भेटींत चारपेक्षा जास्त सेकंद लागले. आमचे गुरुजी त्या पाचांत होते. मध्यकावर तिन्ही कंपन्यांत ओढूनताणून फरक दाखवावा लागेल इतकी बरोबरी होती. ९५ वर मात्र फरक स्पष्ट होता, आणि क्रमही वेगळा होता.

त्याहून महत्त्वाचं होतं अपयश मोजणं. फाइल आलीच नाही तर तिला वेळ नसतो, मग ती यादीत येत नाही, आणि जी कंपनी जास्त वेळा नापास होते तीच वेगवान दिसते. म्हणून 'आली नाही' हा आकडा आम्ही शेजारच्या रकान्यात लिहू लागलो.

दिवाळीच्या सुट्टीत एक गोष्ट घडली. आम्ही काहीही बदललं नव्हतं, तरी सगळे आकडे एकदम सुधारले. मदतनीस मुलगा खूश झाला. मला शंका आली म्हणून जाळ्यांप्रमाणे फोड केली. प्रत्येक जाळ्याचा वेग होता तेवढाच होता. फक्त शिक्षक सुट्टीला आपापल्या गावी, लातूरला, नागपूरला, नाशिकला गेले होते आणि घरच्या वायफायवरून पाहत होते. समजा एका जाळ्यावर अर्धा सेकंद लागतो आणि दुसऱ्यावर तीन. शंभरातले तीस पहिल्यावर असतील तर सरासरी सव्वादोन सेकंद येईल. तेच सत्तर झाले की सव्वा सेकंद. कोणाचाही फोन वेगवान झालेला नाही. या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करणाऱ्या कोणत्याही आलेखाकडे मी तेव्हापासून सावधपणे पाहते. एकाच भेटीत, एकाच फोनवर, चौघांनाही मोजलं तर हा घोटाळा होत नाही.

जिल्ह्यांचा प्रश्न वेगळाच होता. आयपी पत्त्यावरून गाव सांगणाऱ्या याद्या मिळतात. आम्ही एक लावून पाहिली, तर अर्धा महाराष्ट्र मुंबईत राहतो असं निघालं. मोबाइल कंपन्या अनेक जिल्ह्यांची वाहतूक मोठ्या शहरातल्या मोजक्या केंद्रांतून बाहेर काढतात, आणि पत्ता त्या केंद्राचा दिसतो. शेवटी नोंदणी करताना शिक्षकांनी स्वतः निवडलेला जिल्हाच वापरला. तो सर्वांत खरा होता.

असं जाळं, जिल्हा आणि तास वेगळे केल्यावर तिसऱ्या कंपनीचा एक विचित्र भाग दिसला. एका ब्रॉडबँड कंपनीच्या ग्राहकांना संध्याकाळी साडेसातनंतर तिचा वेळ अचानक वाढायचा आणि मध्यरात्रीनंतर खाली यायचा. वाढ सगळ्यांना जवळजवळ सारखीच होती. गर्दी असती तर वेळ वेडावाकडा वाढला असता. एकसारखी वाढ म्हणजे अंतर वाढलं. बऱ्याच सीडीएन कंपन्या फाइलीसोबत एक हेडर पाठवतात आणि त्यात ज्या ठिकाणाहून फाइल आली तिथल्या विमानतळाची तीन अक्षरं असतात. मुंबईला बीओएम, चेन्नईला एमएए. आम्ही ती अक्षरं नोंदवायला लागलो. संध्याकाळी त्या ग्राहकांकडे एसआयएन येत होतं. सिंगापूर.

मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन किमान ४० मिलिसेकंद, आणि समुद्रातली तार वळसे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. नवीन जोडणीला तीन-चार फेऱ्या होतात, तितक्या पटीने वाढ. आमची फाइल मुळात मुंबईत होती. ती सिंगापूरला जाऊन, तिथून परत येऊन नंदुरबारच्या पालकाला मिळत होती. या वाचकांसाठी सीडीएन नसलेला आमचा साधा मूळ सर्व्हर जास्त वेगवान ठरला. तुलनेत त्याला घेतलं नसतं तर हे दिसलंच नसतं.

कंपनीला लिहिलं. आधी उत्तर आलं की मुंबईत त्यांची क्षमता भरपूर आहे. आम्ही जाळं, तास आणि ती तीन अक्षरं असा तक्ता पाठवला. मग दुसऱ्या माणसाने उत्तर दिलं आणि ते सरळ होतं. त्या ब्रॉडबँड कंपनीशी मुंबईत असलेली त्यांची जोडणी संध्याकाळी भरते, तेव्हा खालच्या दराच्या योजनेतली वाहतूक बाहेर वळवली जाते. आमची योजना खालच्या दराचीच होती. राग आला नाही असं नाही, पण निदान कारण कळलं. दरपत्रक घेताना हा प्रश्न लेखी विचारावा. आमच्या योजनेत गर्दीच्या वेळी वाहतूक देशाबाहेर वळवता का?

दुसरी गोष्ट लहान, पण कामाची. आपल्याकडे एका मोठ्या मोबाइल जाळ्यावर फोनला आयपीव्ही६ पत्ता मिळतो. जुन्या कंपनीत आमच्या नावासाठी आयपीव्ही६ बंद होतं. मग ती वाहतूक पत्ते बदलून देणाऱ्या यंत्रातून जाते आणि थोडी रेंगाळते. एक खूण केली आणि त्या जाळ्यावर जुनी कंपनी बाकीच्यांच्या बरोबरीला आली. म्हणजे इतके दिवस आम्ही जो फरक कंपनीचा समजत होतो तो प्रत्यक्षात एका सेटिंगचा होता. निष्कर्ष काढण्याआधी तिघांचीही सेटिंगं एका कागदावर शेजारी शेजारी लिहावीत.

परदेशातले वाचक थोडे आहेत. आखातातले पालक, अमेरिकेतल्या मराठी शाळा. तिथे तिसरी कंपनी निर्विवाद पुढे होती. सगळ्या नोंदी एकत्र करून निवडलं असतं तर त्यांच्या चांगल्या आकड्यांनी ती वर आली असती. आम्ही त्यांना वेगळं ठेवलं, कारण आमचं काम ज्यांच्यासाठी आहे ते आधी.

शेवटी दुसरी कंपनी घेतली. मध्यकावर ती पहिली नव्हती. पण रात्री आठ ते दहा या वेळेत, मोबाइल जाळ्यांवर, तिचा ९५ पर्सेंटाइल सर्वांत खाली होता आणि न आलेल्या फाइली सर्वांत कमी. यामागे एक कारण मला दिसतं. तिच्याकडे एचटीटीपी/३ चालू होतं, बाकी दोघींच्या आमच्या योजनेत नव्हतं. त्याआधीच्या पद्धतीत एक पाकीट हरवलं की त्याच्या मागची सगळी चित्रं खोळंबतात. एचटीटीपी/३ मध्ये ज्या चित्राचं पाकीट हरवलं तेच थांबतं, बाकीची येत राहतात. रेंज डळमळीत असते तिथे पाकिटं हरवतातच. तीस-चाळीस आकृत्यांच्या पानाला त्याचा फायदा होणार हे उघड आहे. दर थोडा जास्त होता. समितीला तक्ता दाखवला, त्यांनी मान्य केलं.

पण सिरोंच्याकडचे आकडे वेगळे काढले तेव्हा मी जरा हिरमुसले. तिथल्या नोंदींत चौघांत फारसा फरकच नव्हता. सगळेच हळू. वेळ टॉवरपर्यंत पोहोचण्यात आणि टॉवरवर रांगेत थांबण्यात जात होता आणि तिथे कोणत्याही सीडीएनचा हात पोहोचत नाही. तिथे एकच गोष्ट आमच्या हातात होती, कमी पाठवणं.

म्हणून फाइलींकडे वळलो. आकृत्या स्कॅन करून जेपीजी म्हणून चढवलेल्या होत्या. त्रिकोण, वर्तुळं, बाण, घड्याळं. एका मुलीने त्या एसव्हीजीमध्ये पुन्हा काढायला घेतल्या. रेघांची आकृती त्यात काही केबीत मावते आणि मोठी केली तरी फाटत नाही. फॉन्टचंही तसंच. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे आकार असतात म्हणून तो जड होतो. तो कापून लहान करता येतो, पण कापताना जोडाक्षरांचे नियम ठेवावे लागतात, नाहीतर 'वर्गमूळ'चा रफार भलत्याच जागी जातो. आम्ही दोन वजनांतलं एक काढून टाकलं आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्याच अक्षरांत मजकूर दिसेल असं केलं. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, तरी दाबून पाठवलं तर मजकुराचा भार फारसा होत नाही. तिथे हात लावला नाही.

या बदलांनंतर गडचिरोलीच्या नोंदी सुधारल्या. कंपनी बदलल्यामुळे तिथे जेवढा फरक पडला त्याच्या कितीतरी पट. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "आता आकृती आधी येते, मॅडम. जाहिरातीचे फोन तेवढे थांबवा." ते काम माझ्या हातचं नाही.

मोजणी आम्ही बंद केलेली नाही, फक्त शंभरातल्या एका भेटीवर आणली आहे. कंपन्यांचे मार्ग बदलत राहतात. आज बीओएम दाखवणारं जाळं पुढच्या महिन्यात एसआयएन दाखवू शकतं.

एक भाग मात्र अजून सुटलेला नाही. आमचा कोड पान पूर्ण उघडल्यावरच चालतो. ज्याचं पान उघडलंच नाही, ज्याने चक्र पाहून फोन बाजूला ठेवला, त्याची नोंद आमच्याकडे येतच नाही. सर्वांत जास्त त्रास ज्याला झाला तोच आकड्यांतून गळतो. म्हणून आता पानाच्या अगदी पहिल्या ओळीत एक लहान नोंद पाठवतो आणि पान पूर्ण झाल्यावर दुसरी. दोन्हींची वजाबाकी जिल्हावार करतो. पुण्यात ती नगण्य आहे. गडचिरोलीत आणि नंदुरबारच्या डोंगराळ तालुक्यांत ती मोठी आहे, आणि पहिली नोंदही न पोहोचलेले लोक तर त्यातही नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक प्रश्नपत्रिकेची आकृत्यांसह एकच हलकी फाइल करायला घेतली आहे, जी एकदा रेंजमध्ये असताना उतरवली की पुन्हा नेट लागणार नाही. फेब्रुवारीतल्या परीक्षेच्या आत ती गडचिरोलीच्या शिक्षकांकडे पोहोचवायची आहे.